पत्त्यांची स्प्रिंग: अख्खा कॅट एका हातातून दुसऱ्या हातात कसा उडवायचा

खान्देशात पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की गावोगावी ओट्यावर, पारावर, शेतातल्या निंबाखाली डाव बसतात. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर आणि बापे पत्त्यांवर, अशी वाटणी कुणी न करता झालेली असते. त्यामुळे पिसणं, काटणं, वाटणं आपल्याकडे पोराटोरांनाही येतं. पण कॅट एका हातात दाबून धरायचा आणि बावन्नच्या बावन्न पत्ते हवेतून सलग दुसऱ्या हातात पाठवायचे, हे अट्टल रमीवाल्यालाही सहसा येत नाही. यायचं कारणही नाही, कारण डावात त्याचा काही उपयोग नाही. जादूगार मंडळी याला स्प्रिंग म्हणतात. अलीकडे पत्त्यांच्या नुसत्या कसरती करणारी तरुण पोरं आहेत, त्यांच्या कलेला कार्डिस्ट्री म्हणतात. त्यांच्याकडेही ही कसरत चालते.

ज्यांनी व्हिडिओ बघून दोन-चारदा करून पाहिलं, पत्ते पलंगाखाली गेले आणि विषय सोडून दिला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. व्हिडिओत हात दिसतो, वेग दिसतो. आत दाब कुठे बसलाय ते दिसत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, म्हणून पकड आणि दाब यांवर खाली जरा जास्तच लिहिलंय. घाई असेल तर निदान तिसरा आणि चौथा भाग तरी नीट वाचा.

सुरू करण्याआधी एक घरगुती सूचना. हातात सारखा कॅट दिसला की घरातलं मोठं माणूस ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ म्हणून विचारणारच. पहिल्याच दिवशी त्यांना समोर बसवून दाखवा, म्हणजे पुढची चौकशी टळते. दुसरं, सराव घरात करा. पैसे लावून चारचौघांच्या जागी पत्ते खेळणं महाराष्ट्र जुगार प्रतिबंध कायदा, १८८७ खाली गुन्हा आहे. तुम्ही एकटे पत्ते उडवत असाल तर त्यात काहीच गैर नाही. पण चौकातल्या ओट्यावर बसलात की पाच मिनिटांत आणखी चौघं जमतात, त्यातला एक झन्ना मन्नाची, म्हणजे पैशांच्या जुगारी डावाची, गोष्ट काढतो, आणि मग लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

१. काय काय लागेल

- कागदी पत्त्यांचे दोन कॅट
- पलंग किंवा जमिनीवर अंथरलेली जाड गोधडी
- स्लो मोशनमध्ये चित्रण करणारा फोन आणि तो टेकवायला काहीतरी
- सुती फडकं
- घट्ट झाकणाचा छोटा डबा

यातलं सगळ्यात महत्त्वाचं अर्थातच पत्ते. घरातला आखाजीचा कॅट घेऊ नका. त्याचे कोपरे मोडलेले असतात, कडा मळलेल्या असतात आणि दोन-तीन पत्ते हटकून चिकटलेले असतात. अशा कॅटवर शिकलात तर चूक तुमची की पत्त्यांची हेच कळणार नाही.

पूर्ण प्लास्टिकचे पत्ते टिकाऊ असतात, पाणी सांडलं तरी पुसून घेता येतात. डावाला चांगले, शिकायला वाईट. ते बोटांवर फार निसरडे होतात आणि दाब पडला की पाच-सहाच्या गठ्ठ्याने निसटतात. शिकायला कागदी पत्ते घ्या, वरून गुळगुळीत थर दिलेले. जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या स्वस्त कॅटवर पहिले काही दिवस निभतं, पण त्यातले पुष्कळसे एकदम सपाट आणि चकचकीत असतात. दोन पत्ते एकमेकांवर ठेवले की मधली हवा निघून जाते आणि ते जोडीने उडतात. जगभरचे हौशी लोक बायसिकल रायडर बॅक हा कॅट वापरतात, त्याचं कारण एवढंच की त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे दाबलेले असतात. त्या खळग्यांत हवा राहते, त्यामुळे प्रत्येक पत्ता शेजाऱ्यापासून सहज सुटतो. बायसिकल हे नाव १८८५ पासून बाजारात आहे आणि तो कॅट आता ऑनलाइन मागवता येतो. बाजारातला साधा कॅट घ्यायचा असेल तर पत्ता उजेडात तिरका धरून पाहा. पृष्ठभागावर बारीक विणीसारखी खडबड दिसली तर घ्या.

मापाबद्दल एक गैरसमज आहे. हात लहान आहे म्हणून लोक अरुंद पत्ते शोधतात. पोकर मापाचा पत्ता साधारण ६३ मिलिमीटर रुंद असतो, ब्रिज मापाचा ५७. पण लांबी दोघांचीही ८८च असते, आणि स्प्रिंगमध्ये आपण पत्ता लांबीच्या दोन टोकांना धरतो. म्हणजे बोटांना ताण तेवढाच पडणार. अरुंद पत्ता वाकायला थोडा हलका जातो, एवढाच फायदा. हात खरोखरच लहान असेल तर त्यापेक्षा कॅटमधून दहा-बारा पत्ते काढून ठेवा. बावन्न पत्त्यांची जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. ती थोडी कमी झाली की पकड लगेच सैल आणि सोपी होते.

२. नवा कॅट मऊ करा

पाकिटातून काढलेला कॅट ताठ असतो. तो तसाच दाबायला गेलात तर जोर जास्त लागतो आणि पत्ते झुंडीने सुटतात. आधी वीस-पंचवीस पत्त्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून पाठीकडे हलकी कमान द्या, मग तेवढीच पोटाकडे. दोन्ही बाजूंनी सारखंच वाकवायचं, नाहीतर कॅटला कायमचा पोक येतो. मग नेहमीसारखं दहा-पंधरा मिनिटं पिसत बसा. टीव्हीसमोर बसून केलं तरी चालेल. पत्ता मोडेल, घडी पडेल इतकं वाकवू नका. घडी पडलेला एक पत्ता संपूर्ण ओघ अडवतो.

३. पकड

पुढचं सगळं उजव्या हाताने उडवणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या कराव्यात.

कॅट उजव्या हातात वरून धरा. पत्त्यांची पाठ तळव्याकडे, चित्रांची बाजू बाहेर. अंगठा तुमच्याकडच्या आखूड कडेच्या मध्यावर. समोरच्या आखूड कडेवर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्ही एकमेकांना लागून. करंगळीला काम नाही. ती मोकळी राहू दे, नाहीतर ती हळूच खाली येऊन पत्त्यांना धक्का देते.

आता कॅट बोटावर नेमका कुठे टेकलाय ते पाहा. बोटाच्या पहिल्या पेराचा जो मऊ उशीसारखा भाग आहे, तिथे कडा हवी. सांध्याच्या घडीत गेली तर पत्ते अडकतात आणि मग सगळे एकदम फुटतात. नखाजवळच्या टोकावर असली तर दाबायला सुरुवात करताच अर्धा कॅट जमिनीवर. अंगठ्यालाही हाच नियम लागू. अंगठा वाकवून त्याचं टोक खुपसू नका, सपाट उशी टेकवा.

तळवा आणि कॅटच्या पाठीमध्ये जागा हवी. हे फार जण विसरतात. तळवा पाठीला चिकटला असेल तर कॅट वाकायला जागाच उरत नाही.

काही जण तिरकी पकड वापरतात: अंगठा एका कोपऱ्यावर आणि मधलं बोट कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यावर. त्यातही चांगली स्प्रिंग होते, पण पत्ते फिरतात आणि झेलणं अवघड जातं. आधी सरळ पकड पक्की करा, तिरकी नंतर.

४. सोडायचं नाही, दाबायचं

नवा माणूस काय करतो? कॅट वाकवतो आणि मग बोटं उघडतो. बोटं उघडली की पत्ते सुटतात, पण त्यांच्यावर ताबा राहत नाही. बावन्न पत्त्यांनी साठवलेली सगळी ताकद एकाच क्षणी मोकळी होते आणि कॅट खोलीभर होतो.

खरी गोष्ट उलटी आहे. बोटं उघडतच नाहीत. अंगठा आणि तीन बोटं एकमेकांच्या दिशेने हळूहळू जवळ येत राहतात. कॅटची पाठ तळव्याकडे फुगते, कमान होते. ही कमान आणि तुमच्या वळलेल्या हाताची कमान एकाच दिशेला हवी. दाब वाढत गेला की सगळ्यात बाहेरच्या पत्त्याला, म्हणजे चित्राच्या बाजूच्या पहिल्या पत्त्याला, बोटांच्या उशीवर थांबणं अशक्य होतं. त्याची दोन्ही टोकं बोटांवरून घसरतात आणि तो सरळ होण्याच्या झटक्यात पुढे उडतो. लगेच मागचा सगळ्यात बाहेरचा होतो, मग तोही जातो. मुठीत आवळलेली ओली साबणाची वडी जशी सटकते तसं हे आहे. वडी तुम्ही टाकत नाही, तुमचा दाब तिला बाहेर घालवतो.

पत्ता म्हणजे एक पातळ लवचीक पट्टी. वाकवताना तुम्ही तिच्यात जेवढा जोर भराल तेवढाच ती उडताना परत देते. म्हणून सगळ्या पत्त्यांचा वेग सारखा हवा असेल तर प्रत्येक पत्ता सुटताना कमान सारखी हवी. यातली अडचण अशी की कॅट दर क्षणाला पातळ होत जातो. सुरुवातीला पन्नास पत्ते मिळून बोटांना विरोध करत असतात. शेवटी दहाच उरतात आणि तोच जोर त्यांना फार होतो. त्यामुळे शेवटचे पत्ते ढिगाने सुटतात. उपाय म्हणजे बोटांचा जोर मोजू नका. अंगठा आणि बोटं यांच्यातलं अंतर एकाच संथ गतीने कमी करत राहा. जोर आपोआप कमी होतो. हे वाचून पटत नाही, हाताला मात्र एके दिवशी अचानक कळतं.

सराव असा करा. डावा हात विसरा. पलंगासमोर उभे राहा, उजवा हात गोधडीच्या वर फूटभर, चित्रांची बाजू खाली. आता फक्त दाबा. सगळे पत्ते गोधडीवर पडू द्या आणि ढिगाकडे बघा. ढीग एकाच जागी, पत्ते साधारण एकाच दिशेने पडलेले असतील तर दोन्ही टोकं बरोबर सुटताहेत. पत्ते गरगर फिरून पडत असतील तर एक टोक आधी सुटतंय; बहुतेक वेळा अंगठा ढिला असतो. दोन-तीन वेगळे ढीग झाले असतील तर दाब थांबत थांबत येतोय.

कानही लावा. नीट झालेल्या स्प्रिंगचा आवाज सलग असतो, मध्ये ‘फट्’ आला की तिथे गठ्ठा सुटला समजा. मला वाटतं डोळ्यांपेक्षा कान लवकर शिकवतो, कारण इतक्या वेगात डोळ्यांना काही दिसतच नाही. दिसायला हवं असेल तर फोन टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि फक्त अंगठ्याकडे बघा.

गोधडीवर पत्ते एका ढिगात पडायला लागेपर्यंत डाव्या हाताला कामाला लावू नका. हा टप्पा कंटाळवाणा आहे, वाकून वाकून पत्ते गोळा करताना कंबर धरते. म्हणून तर पलंग सांगितला. जमिनीवर केलंत तर दुप्पट वाकाल.

५. झेलणारा हात

स्प्रिंग बघणाऱ्याचं सगळं लक्ष उडवणाऱ्या हाताकडे असतं, म्हणून शिकणाराही तिकडेच बघतो. प्रत्यक्षात अंतर वाढवायची वेळ आली की सगळं डाव्या हातावर येऊन ठेपतं.

डावा तळवा वर करा, पत्ते वाटताना कॅट धरता तसा, पण रिकामा आणि उघडा. आता चार भिंती तयार करायच्या आहेत. तर्जनी वाकवून पुढच्या टोकाला उभी करा, ही पुढची भिंत. मनगटाजवळचा तळव्याचा फुगीर भाग ही मागची भिंत. अंगठा एका बाजूला ताठ उभा. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी किंचित वाकवून, थोडी फाकवून दुसऱ्या बाजूला. मधोमध पत्ता येऊन बसेल एवढी जागा राहिली पाहिजे. एक पत्ता मध्ये ठेवून बघा. चारही बाजूंना थोडं थोडं मोकळं असावं.

हात ताठ ठेवू नका. पत्ता आदळला की बोटांनी किंचित मागे सरावं, नाहीतर पत्ते आपटून उसळतात. आणि बोटं मिटायची घाईही करू नका. पहिले पाच पत्ते आले की बोटं आपसूक मिटतात, मग उरलेले बाहेरून आपटतात. शेवटचा पत्ता येईपर्यंत पिंजरा उघडाच राहायला हवा.

एक सोपा पूर्वसराव आहे, ड्रिबल. त्याच पकडीत, पण कमान जवळजवळ न देता, उजव्या हातातून पत्ते खालच्या डाव्या हातात नुसते सुटू द्यायचे. इथे पत्ते स्वतःच्या वजनाने पडतात. त्यामुळे झेलणारा हात शिकतो आणि उजव्या हातावर ताण येत नाही. ड्रिबल सहज व्हायला लागलं की त्यातच हळूहळू कमान वाढवत जा. कुठल्या दिवशी ड्रिबलची स्प्रिंग झाली ते तुम्हालाच सांगता येणार नाही. ज्यांना थेट स्प्रिंग जमत नाही त्यांनी याच वाटेने यावं असं मी सुचवेन.

६. दोन्ही हात जोडून

उजवा हात वर, डावा खाली, मध्ये चार बोटांचं अंतर. एवढंच. वर-खाली का, तर सुरुवातीला वजनाची मदत मिळते. कॅटचं तोंड पिंजऱ्याच्या मधोमध यायला हवं. लोक दोन हात समोरासमोर आणतात पण मनगटं जुळवतात. मग पत्ते बोटांवरून पलीकडे जातात. जुळवायचा आहे तो कॅटचा मध्य आणि डाव्या तळव्याचा मध्य.

दाबा. शेवटचे आठ-दहा पत्ते राहिले की उजवा हात खाली आणून ते डाव्या हातात थापून टाका. उरलेले उडवायचा अट्टहास नको. अनुभवी लोकही शेवट असाच करतात आणि तो दिसतोही छान.

एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं पुरे. अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या गादीत दुखायला लागेल. दुखलं की थांबा, उद्या करा. ताणलेल्या अंगठ्याने केलेला सराव ढिल्या अंगठ्याची सवय लावतो.

७. अंतर वाढवणं

चार बोटांवर सलग काही वेळा एकही पत्ता न सांडता जमलं की एक बोट वाढवा. पण अंतर दाबण्याआधी वाढवायचं नाही, दाबता दाबता वाढवायचं. हात जवळ असताना ओघ सुरू करा, पत्ते वाहू लागले की उजवा हात वर न्या, आणि संपता संपता परत खाली आणा. पहिले आणि शेवटचे पत्तेच सगळ्यात बेभरवशाचे असतात, तेवढे जवळून जातात. मधला स्थिर ओघ लांबून.

हे जमलं की हात हळूहळू आडवे करा, म्हणजे पत्ते वरून खाली न जाता उजवीकडून डावीकडे जातील. पूर्ण आडवं करू नका. उजवा हात थोडा वर असू द्या, कारण लांब जाताना पत्ते वाटेत खाली येतात.

एक फूट स्वच्छ झालं की खूप झालं. मंचावर दिसणारं हातभर अंतर पुष्कळदा अर्धं खरं असतं. उडवणारा सुरुवात एका कमरेजवळ करतो आणि ओघ चालू असतानाच सगळं अंग दुसऱ्या बाजूला वळवतो. दोन हातांमधलं अंतर फूटभरच राहतं, पण हात हवेत दोन-तीन फूट सरकलेले असतात आणि बघणाऱ्याला पत्तेच तेवढे लांब उडाल्यासारखे वाटतात. ही चलाखी जरूर शिका, पण फूटभर स्वच्छ झाल्यावर.

आणि कुणी जत्रेत किंवा ऑनलाइन ‘हातभर स्प्रिंग करणारा खास कॅट’ विकत असेल तर सावध राहा. इलेक्ट्रिक डेक नावाचा एक प्रकार असतो, त्यात पत्ते दोऱ्याने एकमेकांना जोडलेले असतात. विनोदी खेळाला मजेशीर वस्तू आहे. शिकायला शून्य कामाची.

८. बिघडलं तर कुठे बघायचं

पत्ते गठ्ठ्यांनी सुटतात: कॅट मळलाय किंवा दमट झालाय, नाहीतर कडा सांध्याच्या घडीत गेलीय. आधी दुसऱ्या कॅटवर करून बघा. तिथेही तसंच झालं तर दोष पकडीत.

पत्ते सुटतच नाहीत, कॅट नुसता वाकून राहतो: तळवा पाठीला लागलाय, किंवा कॅट बोटांत फार आत गेलाय. कधी कधी कमान उलटी असते, म्हणजे चित्रांची बाजू फुगलेली. मग कितीही दाबा, शेवटी सगळा कॅट एकदम उसळतो.

पत्ते डाव्या हाताच्या पलीकडे जातात: तर्जनीची भिंत आडवी झालीय. फार वेळा कारण भीती असते; पत्ते येताना दिसले की बोट आपोआप मागे जातं. अंतर एक बोट कमी करा, भीती जाते.

पत्ते येतात पण डाव्या हातात तिरके-वाकडे साचतात: याची काळजी नको. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. उजव्या हाताने थापताना सरळ करून घ्या.

पावडर लावायचा मोह होईल. घरात कॅरमची पावडर असतेच, नाहीतर टाल्कम. लावू नका. दोन दिवस पत्ते छान सरकतात, मग ती पावडर घाम आणि धूळ घेऊन त्या बारीक खळग्यांत बसते आणि कॅट जड होतो. जादूगार पत्त्यांचा पंखा करताना झिंक स्टिअरेट नावाची पावडर वापरतात ते वेगळं, आणि स्प्रिंगला तेवढा निसरडेपणा नकोच असतो.

९. आपली हवा

व्हिडिओ बनवणारे परदेशात एसीच्या खोलीत बसलेले असतात. आपला मे महिना त्यांना माहीत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, आणि त्या कोरड्या उष्णतेत बोटांची कातडी इतकी कोरडी पडते की पत्ते दाब बसायच्या आधीच निसटतात. ओल्या फडक्याने बोटं पुसा, मिनिटभर थांबा आणि मग सुरू करा. क्रीम किंवा तेल नको, ते सरळ पत्त्यांच्या कडांना लागतं.

उन्हापासून वाचायला आपण कूलरसमोर बसतो, आणि तिथे दुसरी अडचण उभी राहते. कूलरची हवा पाण्यातून येते. कागदी पत्ता ती ओल शोषतो, किंचित फुगतो, जड होतो, शेजाऱ्याला चिकटतो. वर झोताने उडता पत्ता वाट सोडतो ते वेगळंच. सकाळी ऊन चढण्याआधी, कूलर आणि पंखा बंद ठेवून सराव करा. दुपारी कूलर चालू असताना कॅट झाकणाच्या डब्यात.

पावसाळ्यात डबा हवाच. बुटांच्या खोक्यात जी सिलिका जेलची पुडी येते ती डब्यात टाकून ठेवा. दमट कॅट उन्हात वाळत घालू नका. पत्ते वेडेवाकडे वळतात आणि पुन्हा कधीच सपाट होत नाहीत.

हात धुवून बसा हे सांगायला नको, तरी सांगतो. शेवभाजीचा तेलकट तवंग किंवा भरताचा हात साध्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. केळीच्या बागेतून आला असाल तर चीक पूर्ण निघाल्याशिवाय कॅटला हात लावू नका. त्याचे काळे डाग पत्त्यांवर कायमचे राहतात.

१०. दुसऱ्यांसमोर करताना

पहिल्यांदा दाखवाल तेव्हा नेहमीच्या अंतरापेक्षा कमी अंतर ठेवा. समोर माणसं असली की हात घट्ट होतात, दाब घाईत येतो. बसून दाखवायचं असेल तर मांडीवर टॉवेल किंवा उपरणं टाका, सांडलेले पत्ते तिथेच थांबतात. लग्नात किंवा घरच्या जमावात पोरं अगदी जवळ येऊन बसतात. त्यांना थोडं मागे सरकवा. वेगात आलेल्या पत्त्याची कड डोळ्याला लागू शकते.

सलग दोनदा करू नका. पहिल्यांदा लोक बघतात, दुसऱ्यांदा मोजतात. एखादा पत्ता सांडलाच तर तो उचलून ‘हाच तुमचा पत्ता होता का?’ असं विचारा. कुणी पत्ता निवडलेला नसला तरी हशा मिळतो.

११. कॅटची निगा

स्प्रिंगने कॅट नेहमी एकाच बाजूला वाकतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने कॅट उलटा करा: आता चित्रं तळव्याकडे, पाठ बाहेर. दोन्ही बाजूंनी समान उडवला तर कॅट सपाट राहतो. बैठक संपली की कोरड्या सुती फडक्याने कडा पुसा आणि मगच डब्यात टाका.

कडांना तुसं यायला लागली, कोपरे दुमडायला लागले की त्या कॅटची स्प्रिंग संपली. तो फेकू नका, ड्रिबलच्या सरावाला पुढे बरेच दिवस चालतो. दुसरा कॅट तोवर मऊ करून ठेवलेला असावा, म्हणूनच सुरुवातीला दोन सांगितले.

ठेवताना पत्ते मोजा. पलंगाखाली, कपाटामागे, गादीच्या फटीत एखादा राहतोच. नाही सापडला तरी एक्कावन्न पत्त्यांची स्प्रिंग तितकीच चांगली होते. फक्त डब्यावर मोठ्या अक्षरात ‘डावासाठी नाही’ असं लिहा. मेंढीकोट अर्ध्यावर आल्यावर बदामाची दश्शी गायब असल्याचं कळलं तर घरातले सगळे तुमच्याकडेच बघतील.